कार्ब्युरेटरची मात्रा
जुन्या सहा सिलिंडरच्या मोटारीसंबंधी काही अनुभवाचे विचार

ज्या घरात जुनी मोटार आहे, त्या घरात तिच्याविषयी दोन पक्ष असावयाचेच. एक पक्ष म्हणतो, ती वडिलार्जित वस्तू आहे, तिचा सांभाळ झालाच पाहिजे. दुसरा म्हणतो, हा पांढरा हत्ती भंगारात घालून मोकळे व्हावे. मोटार सुरळीत चालत असते तोपर्यंत हा वाद राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे दबून राहतो. ती अडखळू लागली की तो भडकतो. आणि अशा वेळी सर्व दोष बहुधा एकट्या कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो. पूर्वी एकत्र कुटुंबात दूध नासले तरी नव्या सुनेकडे बोट दाखविण्याची जी रीत होती, तीच रीत मोटारीच्या बाबतीत आजही चालू आहे. गाडी सुरू होत नाही, काय झाले? कार्ब्युरेटर! गाडी चढावर दम सोडते, कारण काय? कार्ब्युरेटर! त्या बिचाऱ्याची बाजू मांडावी, आणि त्याची निवड व जुळणी कशी करावी हे वाचकांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. यात माझ्या हातून घडलेल्या एका मोठ्या चुकीची कबुलीही ओघानेच येईल.

आमच्या घरी आजोबांनी १९४८ साली घेतलेली शेव्हरोलेट मोटार आहे. या जातीच्या गाड्या आपल्या प्रांतात एके काळी पुष्कळ होत्या, आणि त्यास कारणही तसेच होते. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईस शिवडी येथे सुटे भाग आणून मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. तो १९५४ पर्यंत चालला. त्याच सुमारास, म्हणजे १९२९ च्या नमुन्यापासून, शेव्हरोलेटने चार सिलिंडरांचे इंजिन टाकून सहा सिलिंडरांचे घेतले. १९३७ साली त्या इंजिनाची नवी आवृत्ती निघाली. तिच्या सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच, दट्ट्याची धाव पावणेचार इंच, आणि सहा सिलिंडरांचे मिळून आकारमान २१६.५ घन इंच, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर. १९४१ पासून तिची शक्ती मिनिटास ३३०० फेऱ्यांच्या वेगाला ९० अश्वशक्ती अशी सांगितली जाई. आमच्या गाडीत हेच इंजिन आहे. सबब पुढील विवेचन त्याला धरूनच केले आहे. पण त्यातील तत्त्वे कोणत्याही जुन्या सहा सिलिंडरच्या गाडीस लागू पडतील.

कार्ब्युरेटर करतो काय?

वैद्यकात औषधाला जे महत्त्व, त्याहून त्याच्या मात्रेला अधिक. छंदःशास्त्रातही एका मात्रेचा लोप वा अधिकता झाली की वृत्त बिघडते. कार्ब्युरेटरचे सारे शास्त्र या ‘मात्रा’ शब्दात सामावले आहे. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. वजनाचा हिशेब मनात भरत नसेल तर असे पाहावे : एक लिटर पेट्रोल जाळावयाचे तर सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिनाच्या पोटात जावी लागते. हवेचे प्रमाण याहून वाढले तर मिश्रण पातळ होते. इंजिन तापते, अडखळते, कार्ब्युरेटरच्या तोंडातून शिंकते. पेट्रोलचे प्रमाण वाढले तर मिश्रण दाट होते. काळा धूर निघतो, प्लग काजळतात, पेट्रोलचा चुराडा होतो. चढावर पूर्ण शक्ती हवी असेल तेव्हा मिश्रण थोडे दाट, म्हणजे साडेबारा-तेरास एक, असावे लागते. सपाट रस्त्यावर संथपणे जाताना ते थोडे पातळ असले तरी चालते. चालकाचा पाय क्षणोक्षणी हुकूम बदलतो, आणि कार्ब्युरेटरने प्रत्येक हुकमास योग्य ती मात्रा द्यावयाची असते.

ही किमया साधते कशी? कार्ब्युरेटरच्या नळीला मध्ये एक अरुंद गळा असतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी याने १७९७ साली अशा गळ्यातील प्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून त्यास व्हेंच्युरी म्हणतात. नदीचे पात्र खडकांमध्ये अरुंद झाले की पाणी वेगाने धावते, तशी या गळ्यात हवा वेगाने धावते, आणि वेग वाढला की तेथील दाब कमी होतो. शेजारच्या वाटीत पेट्रोल असते, त्यावर बाहेरच्या हवेचा दाब पुरता असतो. हा दाबाचा फरक पेट्रोलला जेट नावाच्या बारीक छिद्रातून गळ्याकडे ढकलतो आणि तेथे त्याचे तुषार होतात. वाटीतील पेट्रोलची पातळी फ्लोट म्हणजे एक तरंगणारी पोकळ डबी सांभाळते. पातळी पुरी झाली की तो सुई वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो.

आमच्या गाडीस मुळात कार्टर कंपनीचा डब्ल्यू-१ हा कार्ब्युरेटर होता. त्याच्या जेटमध्ये पायऱ्यापायऱ्यांची एक बारीक सळई उभी असते. पायाने थ्रॉटल उघडला की ती वर उचलली जाते, तिचा निमुळता भाग छिद्रात येतो आणि पेट्रोलला अधिक जागा मिळते. एकदम पाय दाबला असता मिश्रण क्षणभर पातळ पडू नये म्हणून एक लहानशी पिचकारी असते. ती पेट्रोलची धार मारते. अगदी मंद चालीसाठी, जिला मिस्त्री लोक ‘आयडलिंग’ म्हणतात, वेगळा बारीक मार्ग असतो व त्यावर एक स्क्रू असतो. वाटी, जेट, सळई, पिचकारी आणि मंद चालीचा मार्ग या पाच गोष्टी ध्यानी आल्या म्हणजे वाचकांस निम्मी विद्या आली असे समजावे.

माझी चूक

२०१४ च्या पावसाळ्याअखेर आमची गाडी चौकात उभी राहिली की मरू लागली. वेगात असताना उत्तम चाले. पण थांबली की धडधडे, थरथरे आणि बंद पडे. मी पुस्तके चाळली आणि निकाल दिला : कार्ब्युरेटर झिजला, बदलला पाहिजे. दादा म्हणाले, “अरे, आधी मिस्त्रीला सगळे नीट पाहू दे.” पण छापील पानावर माझा विश्वास, आणि स्वतःच्या वाचनावर त्याहून अधिक. मी जुन्या बाजारातून दोन गळ्यांचा एक मोठा कार्ब्युरेटर आणविला, मधे जाड पट्टी बसवून तो मॅनिफोल्डवर चढविला. मोठ्या यंत्राने मोठे बळ येईल असा माझा समज. मंद चाल त्याने सुधारली नाहीच. उलट पाय दाबताच गाडी एक उचकी देई आणि मग पुढे जाई. पेट्रोल पुरत नसावे असे ठरवून मी विजेवर चालणारा जोरकस पंप बसविला. एका चुकीवर दुसरी चूक रचावी तसे झाले.

२०१६ च्या मे महिन्यात आम्ही सर्व मंडळी पाचगणीस निघालो. मागे वहिनी आणि तीन मुले होती. पसरणी घाटाची निम्मी वळणे चढल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पेट्रोलचा वास येतो आहे.” मी म्हणालो, “जुन्या गाडीला वास यावयाचाच.” दोन वळणांनंतर त्या पुन्हा म्हणाल्या, या खेपेस स्वर कठोर होता, “गाडी थांबवा. मुले उतरवते मी.” त्यांनी मुलांना उतरवून कठड्याकडे नेले, आणि मी बॉनेट किंचित उचलले तो कार्ब्युरेटरच्या बुडाशी निळी-पिवळी ज्योत. पुतण्याने किल्ली फिरवून पंप बंद केला आणि बैठकीची जाड सतरंजी घडी घालून ज्योतीवर दाबली. ज्योत विझली. रंगाला फोड आले, तारा जळाल्या. माणसास इजा झाली नाही. परंतु वहिनींनी आणखी एक वळण वाट पाहिली असती तर हा लेख लिहिण्याचे मला धैर्य झाले नसते.

कारण पुढे कळले. त्या जोरकस पंपाच्या दाबाने फ्लोटची सुई जागची उचलली जाई, वाटी भरून वाहे, आणि पेट्रोल खाली तापलेल्या एक्झॉस्टच्या नळावर ठिबके. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टचा नळ एकाच अंगास, एकावर एक आहेत, ही गोष्ट कोणी विसरू नये.

दादांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. ते मौनच मला अधिक झोंबले. घरात गाडी विकून टाकण्याचा ठराव झाला. मी एक महिन्याची मुदत मागितली. मूळचा कार्टर वहिनींनी फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला होता. मी तो टाकून देण्यास सांगितले होते. माझी पुतणी तेव्हा शास्त्रशाखेत शिकत होती. तिने एक वही आखली आणि म्हणाली, “काका, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवायचे.” पस्तीस वर्षे मुलांस व्याकरण शिकविणाऱ्या मास्तराला पद्धतीचा हा पहिला धडा घरच्याच मुलीकडून मिळाला. मूळ कार्ब्युरेटर परत चढविला, जोरकस पंप काढून इंजिनावर चालणारा मूळ पंप जोडला. मग मंद चालीवर इंजिन ठेवून तिने तेलाच्या कुपीने एकेका सांध्यावर थेंब थेंब तेल सोडले. मॅनिफोल्डपासून काच पुसण्याच्या वायपरकडे एक रबरी नळी जाते. या काळच्या गाड्यांत वायपर इंजिनाच्या ओढीवर चालतो. त्या नळीवर तेल पडताच इंजिनाचा सूर एकदम स्थिर झाला. “काका, हे बघा!” नळी खालच्या अंगाने चिरली होती. वीतभर रबरी नळीपायी मी दोन वर्षे कार्ब्युरेटरला दोष देत होतो आणि त्यापायी घरच्या मुलांचा जीव धोक्यात घातला होता.

आधी निदान, मग उपचार

या प्रसंगातून जो पहिला नियम निघतो तो असा : कार्ब्युरेटरला हात सर्वांत शेवटी लावावा. आधी सहाही सिलिंडरांचा दाब मोजावा. त्यांत फार अंतर असेल तर दोष झडपांचा वा दट्ट्यांच्या कड्यांचा आहे. मग झडपांचे अंतर, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट, कन्डेन्सर, प्लग आणि ठिणगीची वेळ पाहावी. या इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये पोलादाची एक बारीक गोळी बसविलेली असते. ठिणगीच्या वेळेची ती खूण आहे. ठिणगी १-५-३-६-२-४ या क्रमाने पडते. दोन तारांची अदलाबदल झाली तरी लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात.

मग हवेची गळती. लक्षणांवरून निदान करण्याची एक सोपी खूण सांगतो. मंद चालीत दोष आणि वेगात ठीक, असे असेल तर गळतीचा संशय घ्यावा. कारण मंद चालीत इंजिनाची ओढ सर्वांत जास्त असते आणि आत जाणारी हवा सर्वांत थोडी, त्यामुळे चोरून आलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. याउलट मंद चाल ठीक आणि चढावर किंवा वेगात दम सुटत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा, फ्लोटची पातळी किंवा मुख्य जेट पाहावे. पाय दाबताच एक उचकी आणि मग ठीक, असे असेल तर पिचकारी पाहावी. तिची चामड्याची वाटी सुकलेली असते. या कामी व्हॅक्यूम गेज हे उपकरण नाडीपरीक्षेसारखे उपयोगी आहे. निरोगी इंजिनात मंद चालीस त्याचा काटा समुद्रसपाटीवर सतरा ते एकवीस इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. दर हजार फूट उंचीस सुमारे एक इंच वजा करावा. पुण्यास सुमारे दोन इंच कमी दिसले तर घाबरू नये. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा ठिणगीची वेळ, आणि काटा ठराविक ठेक्यात झटके देत असेल तर एखादी झडप, असे समजावे.

निवड

आता निवडीचा प्रश्न. ‘मोठा तो चांगला’ हा समज किती खोटा आहे हे अंकगणितानेच दाखविता येते. चार टप्प्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत सहाही सिलिंडर एकेकदा श्वास घेतात, म्हणजे दर दोन फेऱ्यांस साडेतीन लिटर. ३३०० फेऱ्यांच्या वेगास हा हिशेब मिनिटाला सुमारे ५,८५० लिटर होतो. परंतु सिलिंडर प्रत्यक्षात पूर्ण भरत नाही. जुन्या इंजिनात तीन चतुर्थांश धरावे. म्हणजे मिनिटास सुमारे ४,४०० लिटर, किंवा १५५ घनफूट हवा पुरे. एका गळ्याचा मूळ कार्ब्युरेटर एवढी हवा सहज देतो. गळ्याचे क्षेत्र दुप्पट केले तर तेवढ्याच हवेचा वेग निम्मा होतो. आणि पेट्रोल ओढणारी शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती चौथाईवर येते. मग कमी वेगात पेट्रोलचे तुषार न होता थेंब पडतात. माझ्या गाडीची उचकी ती हीच.

सहा सिलिंडरांच्या लांब इंजिनात याचा त्रास अधिक होतो. कार्ब्युरेटर मध्यभागी, आणि पहिला व सहावा सिलिंडर दोन टोकांस. या इंजिनात आत घेण्याची द्वारे तीनच आहेत. दोन दोन शेजारी सिलिंडर मिळून एक द्वार. हवा वळणावरून सहज वळते, पण पेट्रोलचा जड थेंब वळत नाही, भिंतीस चिकटतो. त्यामुळे कोणा सिलिंडरास दाट तर कोणास पातळ मिश्रण मिळते. पंक्तीत वाढपी मध्येच अडला म्हणजे टोकाच्या पानांवर जे होते, तेच येथे होते. म्हणून तुषार बारीक हवेत, गळा बेताचा हवा, आणि मॅनिफोल्डखालची ऊब देणारी झडप मोकळी हलती हवी. ती झडप गंजून अडकली म्हणजे इंजिन एक तर थंड राहून अडखळते, नाहीतर उन्हाळ्यात पेट्रोल वाटेतच उकळते.

दुसरे असे की, या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना पूर्ण दाबाने तेल मिळत नाही. रॉडच्या बुडाशी लहान पळ्या असतात, त्या तेल उचलतात. संथ चालीस ही योजना उत्तम. पण अधिक हवा पाजून इंजिन जोराने फिरवावे अशी तिची घडण नाही. म्हाताऱ्या माणसास पैलवानाचा खुराक देऊन तालमीत उतरविण्यासारखे ते होईल.

तेव्हा निवडीचा क्रम असा ठेवावा. पहिली पसंती मूळ कार्ब्युरेटरच्या दुरुस्तीस. त्याचे शरीर भंगले नसेल, तर सुई, चामडे, गास्केट बदलून आणि थ्रॉटलच्या दांड्याचे झिजलेले भोक बुश घालून पूर्ववत करता येते. दांडा हाताने हलवून पाहावा. तो खडखडत असेल तर तेथूनही हवा चोरवाटेने येते, आणि ही झीज स्क्रू फिरवून भरून निघत नाही. दुसरी पसंती त्याच कुळातील, तेवढ्याच गळ्याच्या कार्ब्युरेटरास. १९५० पासून शेव्हरोलेटने याच घराण्याच्या इंजिनांवर रोचेस्टर कंपनीचा बी नावाचा एक गळ्याचा कार्ब्युरेटर वापरला. तो साधा व चांगला आहे. मात्र स्क्रू अति आवळल्याने वा उष्णतेने त्याचे वरचे झाकण वाकते आणि मग वाटीच्या कडेने पेट्रोल पाझरते. घेताना झाकण सपाट काचेवर ठेवून पाहावे. कोणताही पर्यायी कार्ब्युरेटर घेण्यापूर्वी बुडाच्या बोल्टांची अंतरे, थ्रॉटलच्या दांडीची बाजू, चोकच्या तारेची जागा, हवेच्या गाळणीचे तोंड आणि बॉनेटखालची उंची एवढे मोजून घ्यावे. शेवटची पसंती मोठ्या कार्ब्युरेटरास. खरे पाहता तीही नकोच.

जुळणी

निवड झाली, कार्ब्युरेटर स्वच्छ झाला. जेट तारेने खरवडू नये, दाबाच्या हवेनेच फुंकावे. तार घातली की छिद्राचे माप बदलते आणि मात्रा कायमची चुकते. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटका आहे. गरम पाण्यात बुडविल्यास फुटक्या जागेतून बुडबुडे येतात. फ्लोटची पातळी त्या त्या नमुन्याच्या पुस्तकातील मापाने जुळवावी, अंदाजाने नव्हे. बाकी सारी जुळणी याच पायावर उभी राहते. पंपाचा दाब चार पौंडांच्या आसपास असावा. तो त्याहून फार अधिक झाला तर काय होते, ते वर सांगितलेच आहे.

मग मंद चालीची जुळणी. तिचा स्क्रू हलक्या बोटाने आत टेकेपर्यंत फिरवावा. जोराने आवळल्यास त्याच्या टोकास खाच पडते आणि तो निकामी होतो. टेकल्यावर दीड फेरा बाहेर घ्यावा. इंजिन सुरू करून पूर्ण गरम होऊ द्यावे, चोक संपूर्ण उघडा आहे याची खात्री करावी. थंड इंजिनावर केलेली जुळणी म्हणजे ताप चढलेला असताना घेतलेले अंगरख्याचे माप नव्हे, पण त्याच जातीची गोष्ट आहे. ती टिकत नाही. आता स्क्रू पाव पाव फेऱ्याने आत न्यावा. एका ठिकाणी इंजिन अडखळू लागेल, तेथे मिश्रण पातळ झाले. मग बाहेर आणावा. एका ठिकाणी इंजिन जड होऊन डोलू लागेल, तेथे ते दाट झाले. या दोहोंच्या दरम्यान जेथे सूर सर्वांत सरळ आणि गेजचा काटा सर्वांत वर, ते खरे स्थान. यानंतर थ्रॉटलच्या स्क्रूने गती मिनिटास साडेचारशे ते पाचशे फेऱ्यांवर आणावी, आणि मिश्रण पुन्हा एकदा पाहावे. कारण एक स्क्रू फिरविला की दुसऱ्याचे स्थान थोडे ढळते.

पिचकारीची परीक्षा इंजिन बंद ठेवूनच घ्यावी. वरून गळ्यात पाहत थ्रॉटल हाताने उघडावा. पेट्रोलची धार ताबडतोब व सरळ आली पाहिजे. शेवटी गाडी दहा-पंधरा मैल नेहमीच्या वेगाने चालवून आणून सहाही प्लग काढावे व क्रमाने मांडावे. फिकट तपकिरी रंग समाधानाचा, कोरडी काजळी दाटपणाची, पांढुरका करपट रंग पातळपणाचा. एखाद्याच प्लगचा रंग वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडराचा, कार्ब्युरेटरचा नव्हे. आणि प्रत्येक वेळी वहीत तारीख, किती फेरे, काटा कोठे, हवा कशी, हे लिहून ठेवावे. आमच्या वहीने आम्हांस कोणत्याही मिस्त्रीइतकेच शिकविले आहे.

उंची आणि आजचे पेट्रोल

दोन गोष्टी जुन्या पुस्तकांत सापडत नाहीत किंवा आपल्या उपयोगाच्या रूपात सापडत नाहीत, म्हणून येथे सांगतो. पहिली उंचीची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर. तेथे हवा सुमारे एक अष्टमांश विरळ असते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. मिश्रण सहा-सात टक्के दाट होते. म्हणून मुंबईस नीट चालणारी गाडी घाटमाथ्यावर जड होते. तो रोग नव्हे, हवामान आहे. त्यासाठी स्क्रूंना हात लावू नये. जुळणी आपण जेथे राहतो तेथील हवेस करावी.

दुसरी पेट्रोलची. २०२३ सालापासून आपल्या देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकण्यास आरंभ झाला, आणि २०२५ साली हे प्रमाण देशभर गाठले गेले. इथेनॉलच्या अंगात मुळातच प्राणवायू असल्याने त्याला हवा कमी लागते. अशा मिश्र पेट्रोलला १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा पट हवा पुरते. जुना जेट मात्र शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेला. परिणाम असा की मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ पडते, इंजिन तापते, सुरू होण्यास कुरकुरते. उपाय फार मोठा नाही : जेटच्या छिद्राचे क्षेत्र आठ-नऊ टक्क्यांनी, म्हणजे व्यास सुमारे चार टक्क्यांनी वाढवावा लागतो. दीड मिलिमीटरचे छिद्र असेल तर १.५६. हे काम मापाच्या रीमरने कुशल कारागिराकडूनच करवावे, आणि मूळ जेट जपून ठेवून दुसऱ्या जेटवर करवावे. जिज्ञासू वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की इथेनॉलचा पातळपणा आणि महाबळेश्वरचा दाटपणा एकमेकांस बव्हंशी छेदतात. मात्रेचा हिशेब कळला की अशी कोडी आपोआप सुटतात.

इथेनॉलचा दुसरा उपद्रव रबरावर व लाखेवर होतो. जुन्या काळच्या काही गाड्यांत लाखेचा हात दिलेले बुचाच्या लाकडाचे फ्लोट असत. लाख मद्यार्कात विरघळते, मग फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो आणि वाटी वाहते. पंपाचा पडदा, रबरी नळ्या आणि सुईचे टोक इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे बसवून घ्यावे. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत हे पेट्रोल तसेच ठेवू नये. ते हवेतील ओल शोषते, आणि पाणी फार झाले की इथेनॉलसह तळाशी वेगळे होते.

सावधगिरी

काम नेहमी उघड्यावर करावे. बंद खोलीत इंजिन चालविल्यास जो विषारी वायू साठतो त्याला रंग नाही, वास नाही. तो झोपेसारखा येतो आणि प्राण घेतो. बंद पडलेल्या गाडीच्या गळ्यात बाटलीने पेट्रोल ओतून किल्ली फिरविण्याची एक घातक रीत आहे. इंजिनाने उलट शिंक दिली तर हात आणि तोंड भाजते. अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी ठेवावे. ज्वाला दिसल्यास बॉनेट सताड उघडू नये. हवा मिळताच ती भडकते. मी ते किंचितच उचलले होते, हे माझे शहाणपण नव्हे, भीती होती. आणि गाडीत बसलेल्या कोणीही, मग ते लहान मूल असो, पेट्रोलचा वास आल्याचे सांगितले तर त्याच क्षणी गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे. घरातील ज्या व्यक्तीला यंत्रातले काही कळत नाही असे आपण समजतो, तिचे नाक आपल्या पुस्तकाहून अधिक विश्वासू असते.

आमची गाडी विकली गेली नाही. दसऱ्याच्या दिवशी ती अजूनही अंगणात मंद चालीवर उभी असते, आणि दादा तिच्या मडगार्डवर हात ठेवून तिचा सूर ऐकतात. ते काही बोलत नाहीत. पण त्या मौनाचा अर्थ आता निराळा आहे. वायपरची ती चिरलेली नळी मी फेकली नाही, माझ्या टेबलावर ठेवली आहे. दोष कोणावर ठेवावयाचा झाला की मी आधी तिच्याकडे पाहतो. जेवढे हवे तेवढेच द्यावे, जेथे दुखते तेथेच पाहावे, आणि दुसऱ्याचे ऐकून घ्यावे, एवढे साधले तर जुनी मोटारच काय, जुने घरही पुष्कळ वर्षे नीट चालते.